तेलाच्या डब्यातले रविवार

तो गच्चीवर आला तेव्हा त्याच्या तारेवर चादर वाळत होती. नुसती चादर असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण चादरीशेजारी नर्सचे दोन पांढरे गणवेश होते, एक टॉवेल होता, आणि तार जिथे पाण्याच्या टाकीकडे उतरत येते तिथे पायमोज्यांची जोडी चिमट्यांना लटकत होती. त्याच्या हातात पक्कड होती, खांद्यावर दोरीचं वेटोळं होतं. आज तार उतरवायची, गुंडाळायची, भंगारात टाकायची आणि या सगळ्यावर एकदाचा पडदा पाडायचा, अशी मनाची तयारी तो आठवडाभर करत आला होता. एवढ्या गंभीर कामाला निघालेल्या माणसाच्या नाकासमोर कुणाचे तरी ओले पायमोजे आले म्हणजे त्याची पंचाईतच होते. तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात टाकीमागून चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या, तोंडात दोन चिमटे धरून, आणि त्याला पाहून त्यांनी ते घाईघाईने काढले.

"अगंबाई, काका! थांबा, काढते हं कपडे."

"वाळू द्या आधी," तो म्हणाला. "पण नर्सबाई, ही दोरी नाहीये. अँटेना आहे ही माझी."

"माहितीये की हो. म्हणून तर आधी हातसुद्धा लावत नव्हते. दोनदा चटका बसलाय मला, दोन्ही वेळा रविवारीच. या बोटाला बारीकसा फोडही आला होता. म्हटलं, काकांचं चालू असेल खाली. पण हल्ली काहीच होत नाही. रविवारी लावा, सोमवारी लावा, हात कसा गारच्या गार. मला वाटलं, तुम्ही सोडलंत ते रेडिओचं. मग नुसती तार पडून राहण्यापेक्षा चादर टाकली तर कुणाचं काय जातंय? चुकलं का हो माझं?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "कधीपासून बसत नाही चटका?"

"झाले की महिने. थंडी संपत आली होती तेव्हा. ते काय, टाकीचा नळ गळत होता ना, त्याच सुमाराला."

तो "बरं" म्हणाला. पक्कड खिशात घातली, कपडे वाळले की येतो असं सांगितलं आणि जिना उतरायला लागला. दोन मजले उतरेपर्यंत त्याला आपल्याला नेमकं काय टोचतंय हे कळलं नाही. चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी होतं, आणि वाकून बघायचाही कंटाळा होता. त्याला हल्ली सगळ्याचाच कंटाळा होता. मागच्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले होते, गच्ची गळते, डांबर घालायचं आहे, रविवारी संध्याकाळपर्यंत वरच्या सगळ्या तारा आणि टीव्हीच्या छत्र्या उतरल्या पाहिजेत, ज्यांना नंतर परत लावायच्या असतील त्यांनी आत्ताच सांगून ठेवावं म्हणजे खांबाला जागा सोडता येईल, असं सगळं एका दमात बोलून ते भांडणाच्या तयारीने उभे राहिले. त्यांचं बरोबरच होतं. याच तारेवरून मागे दोन वेळा त्यांची आणि याची चांगली जुंपली होती. पण या वेळी हा म्हणाला, "माझी कायमचीच काढतो. जागा ठेवू नका." सेक्रेटरी बिचारे हिरमुसले. कंबर कसून आखाड्यात उतरावं आणि समोरच्याने नमस्कार करून घरी जावं, तसं त्यांचं झालं. "बघा हां, एकदा डांबर पडलं की परत खिळासुद्धा ठोकू देणार नाही," असं दोनदा बजावून ते गेले, आणि दार लावताना याच्या लक्षात आलं की आपल्याला वाईटसुद्धा वाटलेलं नाही. ऐन तारुण्यात ज्या तारेसाठी तो घरमालकाच्या पाया पडला होता, तिच्यावर त्याने असं उभ्या उभ्या पाणी सोडलं होतं.

घरात बायको खिडकीशी तिच्या खुर्चीवर बसून उसवलेला अभ्रा शिवत होती. तिने वर पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि पुढचा टाका घातला. तो टेबलाशी जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. रविवार सकाळ होती, रेडिओवरच्या बैठकीची वेळ होत आली होती, आणि रिसीव्हर त्याने सवयीने सकाळीच लावून ठेवला होता. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून समुद्राच्या लांबच्या आवाजासारखी खरखर येत होती. हा आवाज त्याला माणसांच्या आवाजापेक्षा जास्त आवडायचा, हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हटलं तरी कुणाला? कचेरीत तो दिवसभर कानाला यंत्र लावून माणसांचेच आवाज ऐकत होता. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात वीस-बावीस मुलंमुली ओळीने बसायची, आणि त्यांना न आवरणारे फोन शेवटी त्याच्याकडे यायचे. आमच्याकडे लाइट नाही. आमच्याकडे कालपासून नाही. आमच्या म्हाताऱ्या आईचं मशीन बंद पडलंय. तुम्ही माणसं आहात की कोण आहात? या सगळ्याला त्याच्याकडे एकच वाक्य होतं: तुमची तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे. पहिली काही वर्षं त्या वाक्याखाली खरंच काहीतरी असायचं, तो मागच्या खोलीत जाऊन लाइनमनला शोधायचा, आरडाओरडा करायचा. आता वाक्य आपलं आपण बाहेर पडायचं, जिभेलासुद्धा कळायचं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने काही म्हटलं, नळ गळतोय किंवा मुलीचा फोन आला होता, तर त्याच्या तोंडाशी तेच यायचं. एकदा खरोखरच म्हणून गेला होता. ती हसली होती, पण नंतर त्या नळाबद्दल काही बोलली नव्हती.

या खुर्चीवर मात्र तसं नव्हतं. निदान मागच्या थंडीपर्यंत तरी नव्हतं. हा नाद त्याला मामाने लावला. मामा जहाजावर तारायंत्र चालवायचा, सुट्टीवर आला की घरभर तारा पसरायचा आणि आजीच्या शिव्या खायचा. भाच्याने पहिलं यंत्र केलं ते मामाच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर तांब्याची तार गुंडाळून. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मध्ये केसाएवढी फट राहिली की मामा पुन्हा सगळं उसवायला लावायचा. "गुंडाळताना बोलायचं नाही," मामा म्हणायचा, आणि स्वतः अखंड बोलत राहायचा. मग डाख द्यायचा. राळेचा धूर नाकात जायचा, गोडसर, घशाला किंचित टोचणारा. तापलेलं शिसं क्षणभर पाऱ्यासारखं चमकून मंद व्हायचं, आणि त्या मंद होण्यात काम नीट झालं की नाही ते कळायचं. त्या दिवशी कानाला लावलेल्या डबीतून एका अनोळखी माणसाचा सूर आला. ठिपके आणि रेघा. काय म्हणतोय ते त्याला कळत नव्हतं, मामा कागदाशिवायच ऐकून सांगत होता: "आगबोटीवरचा आहे. म्हणतोय, पाऊस नाही, सगळं ठीक." जगात कुठेतरी एका माणसाचं सगळं ठीक आहे आणि ते आपल्याला, एका बाटलीला गुंडाळलेल्या तारेमुळे, उगाचच कळलं आहे, याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो जेवला नव्हता. पुढे परीक्षा दिली, परवाना काढला, अक्षरं आणि आकडा मिळून त्याची स्वतःची कॉल साइन झाली. आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा ती त्याला जास्त आपली वाटायची, कारण ती हाताने म्हणायची होती. मोर्सचा खटका मामाचाच, पितळी, बोटाच्या जागी झिजलेला. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, मामा सांगायचा, आवाज बदलता येईल पण हात बदलता येत नाही. आणि तुझा हात म्हणजे शेवटची रेघ ओढत नेणारा, दारातून निघताना उंबऱ्यावर रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा. ती सवय मोडावी म्हणून मामाने टपल्या मारल्या, पण ती काही मोडली नाही.

ज्यांना तो हात ओळखू यायचा अशी तीन माणसं होती. त्याने त्यातलं एकही कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर गुराढोरांचे डॉक्टर होते, बोलण्यात रोखठोक. घाई म्हणून एक होता, तो इतक्या वेगाने खटका मारायचा की दुसऱ्यांना अर्धंच कळायचं. आणि एक कासव, निवृत्त दीपगृहवाला, त्याचं एक अक्षर संपेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हायचा. दर रविवारी सकाळी ही चौकडी जमायची. बोलायचे काय, तर हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, नवीन काय जोडलंस. एवढंच. पण आठवड्यातून एकदा कुणीतरी आपली वाट बघतं, आणि तक्रार सांगायला नाही, एवढ्यावर त्याचे बाकीचे सहा दिवस निघायचे. आणि मग ते डॉक्टरांचं झालं. त्याचं यंत्र घरी केलेलं, मामाचे सुटे भाग घालून, लाकडी फळीवर उघडंच बसवलेलं. जुनं झाल्यामुळे त्याचा सूर चिवचिवायला लागला होता. खटका दाबला की सूर आधी वर चढायचा आणि मग जागेवर यायचा. त्याला ते माहीत होतं. पण एका रविवारी डॉक्टर सर्वांसमक्ष म्हणाले, तुमच्या चिमणीला आता सोडून द्या, बाजारातून नवा सेट आणा, आमच्या कानांवर दया करा. त्या घाई नावाच्याने वर हसण्याची खूण वाजवली. याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या खटक्यावर वाकडं बोलला: ऐकायचं नसेल तर कान बंद करून घ्या. आणि बैठक अर्ध्यावर सोडून उठला. तो पूर्ण आठवडा त्याने कचेरीतून आल्यावर यंत्राच्या दुरुस्तीत घातला. शेवटचा टप्पा नव्याने बांधला, वेढे पुन्हा गुंडाळले, न बोलता. सूर असा स्वच्छ झाला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. मीटरचा काटा तर इतका शहाण्यासारखा वागत होता की मामा असता तर कडकडून भेटला असता. आता ऐका म्हणावं, असं मनाशी म्हणत तो पुढच्या रविवारी ताठ मानेने बसला आणि त्याने हाक दिली. कुणी ओ दिली नाही. ते तिघे आपापसात बोलत होते, त्याला स्वच्छ ऐकू येत होते. त्याने मध्ये हाक दिली, ते बोलतच राहिले. मग डॉक्टरांनी त्याची कॉल साइन पुकारली. त्याने लगेच उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले: काही ऐकू येत नाही. पुन्हा पुकारलं, पुन्हा उत्तर दिलं. काही ऐकू येत नाही. म्हणजे, कान बंद करा म्हणालात ना, घ्या, केले, असा त्याने त्याचा अर्थ लावला. डॉक्टरांनी शेवटी माफ करा म्हटलं होतं, चिमणीबद्दल चुकलं म्हटलं होतं, तेही त्याला दुसरा टोला वाटला होता. असं तीन-चार रविवार चाललं. मग त्यांनी पुकारणंही थांबवलं. आपल्याला वाळीत टाकलं, असं त्याने धरून घेतलं. तरी दर रविवारी तो बसायचा, एकदा-दोनदा हाक द्यायचा, खटक्यावर हात ठेवून थांबायचा, आणि मग नुसता ऐकत राहायचा, परक्या लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहिल्यासारखा. कळत होतं की लाज सोडून पायरीवर बसतो आहोत. पण जाणार कुठे? बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. काय सांगायचं, की मला तीन न पाहिलेल्या माणसांनी टाकलंय?

चटका बसत नाही. जिन्यात पायाला टोचणारा खडा तो हाच होता, हे त्याला आत्ता, टेबलावरच्या मीटरच्या मेलेल्या काट्याकडे बघताना कळलं. चटका बसत नाही म्हणजे तारेत काही नाही. तारेत काही नाही, मग मीटर एवढं छान कशाला दाखवतंय? मामाचं एक वाक्य होतं, ते त्याला अगदी मामाच्या आवाजात आठवलं: मीटर फार गुणी वाटायला लागलं की समजावं, कुठेतरी माशी शिंकली. तो उठला. यंत्र जड होतं, ते फळीसकट फिरवताना कमरेत कळ आली. मागे स्विच होता. त्याने तो स्वतः बसवला होता, आणि बायकोच्या नखांच्या रंगाने दोन ठिपके काढले होते. एक पांढरा, आकाशासाठी, वर तारेकडे जाणारा. एक लाल, डब्यासाठी. डबा म्हणजे तेलाने भरलेला पत्र्याचा डबा, आत एक रोधक बुडवलेला. यंत्र दुरुस्त करताना उगाच आकाशात कालवा नको, म्हणून सगळी शक्ती त्या डब्यात सोडायची. डबा ती मुकाट्याने पिऊन टाकतो, जरा गरम होतो, बास. स्विच लाल ठिपक्यावर होता. त्या आठवड्यापासून, त्या रागाच्या आठवड्यापासून तो लाल ठिपक्यावरच होता. सुटे भाग चुकले नव्हते, वेढे चुकले नव्हते, एवढं सगळं बिनचूक करून शेवटी स्विच परत फिरवायचा राहिला होता. ऐकायची तार वेगळी, खिडकीला लावलेली, म्हणून ऐकू सगळं येत होतं. आणि डबा कुठे होता, तर टेबलावर उजव्या हाताशी. त्यावर दर रविवारी तो चहाचा पेला ठेवायचा आणि चहा कोमट राहतो म्हणून खूशही व्हायचा. इतके महिने त्याची प्रत्येक हाक, प्रत्येक रेघ, ओढून लांबवलेली शेवटचीसुद्धा, चहा गरम ठेवण्याच्या कामी आली होती. त्याला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना, खांदे हलायला लागले, आणि त्यात डोळे कधी भरून आले हे त्याला समजलं नाही. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. ते खरं बोलत होते, आणि त्याने त्यांच्या नावाने महिनेच्या महिने मनात विष कालवलं होतं.

"काय झालं हो?" बायकोने अभ्रा खाली ठेवला. "हसताय की काय करताय?"

"अगं," तो म्हणाला, "इतके महिने मी या डब्याशी बोलत होतो. स्विच उलटा राहिला होता. कुणाला काही गेलंच नाही. एक अक्षर गेलं नाही."

तिने सुई रिळात खोचली. मग म्हणाली, "कसं नाही गेलं? मला येत होतं की."

"तुला काय येणार?"

"कानात." तिने कानामागच्या ऐकायच्या मशीनला बोट लावलं. मुलीने आग्रह करकरून घेऊन दिलेलं मशीन, तीनेक वर्षं झाली असतील. "तुम्ही तो खटका मारता तेव्हा यात वाजतं. आधी फार जोरात यायचं, टाचणी टोचल्यासारखं. इथून कपाळापर्यंत कळ जायची. म्हणून मी काढून ठेवायचे आणि आत जायचे स्वयंपाकघरात. हल्ली बारीक येतं. टिक टिक. म्हणून बसते इथे."

दर रविवारी तो खुर्चीवर बसला की ती कानाचं मशीन काढायची आणि उठून जायची, हे त्याने पाहिलं होतं. त्याचा अर्थही त्याने लावून टाकला होता, पहिल्याच रविवारी: हिला माझं काही ऐकायचं नाही. त्यानंतर त्याने तिला यंत्रातलं काही सांगणंच सोडलं होतं. आणि हल्ली ती पुन्हा इथे बसायला लागली तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हातारपण, एकटं वाटत असेल. उघड्या फळीवरच्या यंत्रातून थोडं कुठेतरी झिरपतं, तेवढ्यावर तिच्या कानात टिकटिक होत होती, आणि हा डब्यावर चहा ठेवून परक्यांच्या मांडवाबाहेर उभा होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एका दुपारचं काम होतं गं. एक वेटोळं घालायचं, तार जरा पलीकडून न्यायची. झालं असतं."

"काय सांगायचं? तुमच्यामुळे माझा कान दुखतो म्हणून? आठवड्यातून एकदा हसायचात तुम्ही, ते त्या खुर्चीवर. तेवढंही बंद करू?" मग ती म्हणाली, "आणि तुम्ही तरी विचारलंत का कधी, मशीन का काढतेस म्हणून?"

तक्रार नोंदवून घेतली आहे, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडाशी आलं, ते त्याने गिळलं.

"पाठ झालंय मला तुमचं ते," ती म्हणाली. तिच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी. तिने ते खुर्चीच्या लाकडी हातावर वाजवलं. टिक, टिक, लांब, लांब, टिक. असंच पुढे, अगदी शेवटच्या लांबपर्यंत. ती त्याची कॉल साइन होती, पुरी, एका ठिपक्याचीही चूक नाही, आणि शेवटची रेघ उंबऱ्यावर रेंगाळलेली. मामा म्हणायचा, हात बदलता येत नाही. त्याचा हात तिच्या बोटात उतरला होता. "हे झालं की तुम्ही थांबता. मग काही होत नाही. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा थांबता. मला काय कळतंय त्यातलं? पण वाटायचं, हा माणूस एवढं काहीतरी विचारतोय, कुणी तरी ओ द्यावी. एकदा मीच दिली. अशीच, इथे वाजवून. दोनदा दिली."

"मग?"

"मग काय? तुमच्या कानावर ते टोपलं."

टेबलावर हेडफोनमध्ये खरखरीतून सूर यायला लागला होता. बैठक सुरू झाली होती. कासव होता, इतक्या लांबूनही त्याचं ते गोगलगाईचं चालणं ओळखू येत होतं. आज गुडघा बरा आहे, असं काहीतरी सांगत होता.

"लावा की तो स्विच," बायको म्हणाली. "सांगून टाका त्यांना एकदाचं. आणि सेक्रेटरींना आधी फोन करा, जागा ठेवा म्हणावं. कशाला भलतीच घाई केलीत?" तिचा हात सवयीने कानाकडे गेला. हीच हालचाल, इतक्या वर्षांची. ती तोंड फिरवण्याची नव्हती, कळ सोसायच्या आधीची होती, हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. तिने मशीन काढून शिवणाच्या डब्यात ठेवलं, आणि कुठे न जाता तिथेच बसून राहिली.

सेक्रेटरींना त्याने फोन केला. "जागा ठेवा. माझं मत बदललं," तो म्हणाला. तिकडून सेक्रेटरी उत्साहाने भांडायला लागले, त्यांचाही रविवार सत्कारणी लागला. ते दमल्यावर म्हणाले, बरं, ठेवतो. त्याने स्विच लाल ठिपक्यावरून पांढऱ्यावर फिरवला. खटक्याला बोट लावलं आणि मग एकदम आठवून उठला, खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडला, "नर्सबाई! तारेला हात लावू नका हो!"

वरून चिमट्यांतून बोलल्यासारखा आवाज आला, "सुरू झालं का काका?"

"झालं!"

"मग माझी चादर?"

"राहू द्या. वाळेल!"

त्याने हेडफोन चढवले. कासवाचं वाक्य संपेपर्यंत थांबला, त्याला बराच वेळ लागला, आणि मग त्याने आपली कॉल साइन दिली. ओली चादर, दोन गणवेश आणि पायमोजे यांच्यासकट ती वर गेली. मीटरचा काटा वेड्यासारखा हलला, अजिबात गुणी नव्हता. क्षणभर नुसती खरखर. मग घाई आणि डॉक्टर दोघे एकदमच आले, एकमेकांवर पडले, काही कळेना; ते बाजूला झाल्यावर कासवाने, अक्षर अक्षर पुढे सरकत, त्याची कॉल साइन उच्चारली आणि विचारलं: कुठे होतास? तब्येत? डॉक्टरांनी मध्ये घुसून म्हटलं, आम्ही किती रविवार पुकारलं, मग वाटलं की तुम्ही गेलात. पुढे ते आणखी काही म्हणत होते. इतका थकवा आणि इतका आनंद एकाच वेळी अंगात मावत नव्हता. तो वळून म्हणाला, "अगं, ऐकलं, त्यांनी ऐकलं!"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मशीन शिवणाच्या डब्यात रिळांमध्ये पडलं होतं, आणि ते आपल्याशीच टिकटिकत असेल तर तेही कुणाला कळत नव्हतं. तिने फक्त त्याचा चेहरा पाहिला, आणि तेवढ्यावरून हसली, बहिऱ्या माणसांसारखं, जरा अंदाजाने.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून तिघांचे सूर येत होते, त्याला पुकारत होते, पुन्हा पुकारत होते. डॉक्टरांना धीर कमी, पण कासवाला थांबायची सवय होती. तो उठून तिच्या खुर्चीशी गेला, कमरेची कळ सोसत खाली बसला, आणि तिच्या हाताच्या मागच्या बाजूवर बोटाने वाजवायला लागला. टिक, टिक, लांब, लांब, टिक. सगळी कॉल साइन. शेवटची रेघ मामाने मारलेल्या टपल्या विसरून त्याने हवी तेवढी लांब ओढली. मग तो थांबला.

तिने अंगुस्तान काढून ठेवलं. त्याचा हात उलटा करून आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोट टेकवलं. तिला तेवढं एकच येत होतं, त्याचं नाव. तेच ती हळूहळू वाजवत गेली, कुठे चुकू नये म्हणून ओठ हलवत, आणि शेवटची रेघ त्याच्यासारखीच ओढून झाल्यावर बोट तिथेच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट पाहत.